सुप्पारकच्या बाहियाचे उदान : छंद, यमक आणि रचना

सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात स्थविर पुण्णाचे नाव ठळकपणे येते. मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्त आणि दिव्यावदानातील पूर्णावदान यांमुळे ते स्वाभाविकही आहे. बाहिय दारुचीरियाचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. ज्या सुत्तात त्याची कथा येते, त्या सुत्ताच्या शेवटी असलेल्या छोट्याशा गाथेचा काव्य म्हणून विचार मराठीत क्वचितच झाला असेल. उदान ग्रंथाच्या पहिल्या, म्हणजे बोधिवग्गातील हे दहावे सुत्त. पाउल स्टाइनथल यांनी १८८५ साली पालि टेक्स्ट सोसायटीसाठी उदानाची रोमन प्रत संपादित केली. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून निघालेली देवनागरी प्रत १९५९ ची आहे. मूळ गाथा येथे उतरून घेतलेली नाही. वाचकांनी यांपैकी एखादी प्रत उघडून शेजारी ठेवावी, अशी विनंती आहे.

कथा बहुतेकांस ठाऊक आहे. बाहिय सुप्पारक येथे समुद्रकाठी राहत असे. लोक त्याचा सत्कार करीत, चीवर-पिंडपात देत, आणि त्यामुळे आपण अर्हत आहोत अशी त्याची समजूत होऊ लागली होती. ती समजूत खोटी असल्याचे त्याला सांगण्यात येते. (सुत्तात हे काम एका देवतेकडे आहे. बुद्धिवादी वाचकाला ती देवता वगळूनही कथा समजते.) तो श्रावस्तीपर्यंतचा लांबचा प्रवास करतो आणि भिक्षेसाठी निघालेल्या भगवंतांना रस्त्यातच गाठून उपदेश मागतो. दोन वेळा नकार मिळतो, तिसऱ्यांदा अगदी थोडक्या शब्दांत उपदेश मिळतो आणि तेवढ्यावर त्याचे चित्त आस्रवांपासून मुक्त होते. लगेच पुढे वासरू असलेल्या गाईच्या धक्क्याने त्याचा मृत्यू होतो. भगवंत त्याचा अंत्यविधी करवतात, स्तूप उभारावयास सांगतात, आणि त्या प्रसंगी ही गाथा उद्गारतात. लवकर बोध होणाऱ्या भिक्खूंमध्ये अंगुत्तरनिकायाने त्याला अग्रस्थान दिले आहे.

आता गाथेकडे वळू. तिच्यात दहा चरण आहेत, प्रत्येक चरणात आठ अक्षरे, म्हणजे एकूण ऐंशी अक्षरे. छंद 'वत्त' आहे, म्हणजे संस्कृतातील अनुष्टुभाचे पालि रूप. दोन चरणांची एक ओळ धरली तर पाच ओळी होतात. पहिल्या तीन ओळींचा आशय असा : जिथे आप, पृथ्वी, तेज आणि वायू यांना ठाव मिळत नाही, तिथे तेजस्वी ग्रह-तारे चमकत नाहीत, सूर्य प्रकाशत नाही, चंद्र दिसत नाही आणि तिथे अंधारही नसतो. शेवटच्या दोन ओळींचा आशय असा : मौनाने ब्राह्मण झालेला मुनी जेव्हा हे स्वतः जाणतो, तेव्हा तो रूप-अरूपातून आणि सुख-दुःखातून मुक्त होतो.

वत्त छंदाचा नियम चरणाच्या उत्तरार्धात दिसतो. पहिली चार अक्षरे बरीच मोकळी असतात. सम चरणांत, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा चरणांत, पाचवे ते सातवे अक्षर लघु-गुरू-लघु असावे लागते, आठवे कसेही चालते. या गाथेतील पाचही सम चरण हा नियम काटेकोर पाळतात. आठव्या चरणात मात्र संस्कृत शिकलेला वाचक अडखळेल. 'ब्राह्मणो' शब्दातील जोडाक्षरामुळे त्याच्या आधीचे 'न' गुरू धरावे, असे त्याला वाटेल, आणि तसे धरले तर चाल मोडते. पालित आरंभीच्या 'ब्र'मुळे मागचे अक्षर गुरू होतेच असे नाही. येथे ते लघुच म्हणावयाचे आहे.

विषम चरणांत गंमत आहे. त्यांचा नेहमीचा, 'पथ्या' नावाचा नमुना पाचव्या ते सातव्या अक्षरांत लघु-गुरू-गुरू असा असतो. त्याऐवजी वेगळा गण आला की तिला 'विपुला' म्हणतात. या गाथेच्या पहिल्याच चरणात तीन लघु अक्षरे एकापुढे एक येतात, ही न-विपुला. तिसऱ्या चरणात उलट, तीन गुरू येतात, ही म-विपुला. ही दुसरी अभ्यासकांना जशी अपेक्षित असते अगदी तशी आहे : चौथे अक्षर गुरू आणि पाचव्या अक्षरानंतर शब्द तुटून यती. 'सुक्का' म्हटल्यावर आवाज क्षणभर थांबतो आणि मग 'जोतन्ति' येते. पाचव्या, सातव्या आणि नवव्या चरणांत मात्र तिन्ही वेळा साधी पथ्या आहे. म्हणजे महाभूते आणि तारे यांच्याविषयी बोलताना चाल दोनदा वाकते, आणि चंद्राच्या चरणापासून ती सरळ होऊन शेवटपर्यंत सरळच राहते. यातून फार मोठा अर्थ काढू नये, असे माझे मत आहे. विपुला पालि गाथांत सर्रास आढळतात आणि त्या प्रत्येक ठिकाणी कवीचा हेतू शोधणे हा टीकाकारांचा एक जुना छंद आहे. परंतु गाथा मोठ्याने म्हणून पाहिल्यास पूर्वार्ध खडबडीत व उत्तरार्ध शांत लागतो, हे कानाला कळते. कारण काहीही असो, परिणाम खरा आहे.

पहिल्या चरणाचा आणखी एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. महाभूतांची यादी सहसा पृथ्वीपासून सुरू होते, येथे पाण्यापासून होते. सोपाऱ्याच्या समुद्राकाठच्या माणसाविषयीची गाथा म्हणून पाणी आधी, असे एखाद्या व्याख्यात्याला म्हणावेसे वाटेल. पण कारण छंदात आहे. चरणाच्या आरंभी 'यत्थ' ठेवायचे आणि त्याला लागून 'पथवी' आणायचे, तर दुसरे व तिसरे अक्षर दोन्ही लघु होतात, आणि या छंदाला नेमके तेच चालत नाही. शिवाय पहिले दोन चरण या गाथेच्या खास मालकीचे नाहीत. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात आणि संयुत्तनिकायाच्या देवतासंयुत्तातही तीच शब्दयोजना आढळते. केवट्ट सुत्तात फक्त 'यत्थ'च्या जागी प्रश्नार्थक 'कत्थ' येते. दोन्ही शब्द वजनाने सारखे असल्याने साचा न हलवता शब्द बदलता येतो. मौखिक परंपरेतील काव्य असेच घडते.

केवट्ट सुत्ताचा उल्लेख केवळ साम्यासाठी केलेला नाही. तिथे एक भिक्खू देवलोकांत फिरून विचारतो की ही चार महाभूते पूर्णपणे नष्ट कुठे होतात. महाब्रह्मालाही उत्तर माहीत नसते. भगवान बुद्ध त्याला सांगतात की प्रश्नच असा विचारू नये, आणि प्रश्नाचे क्रियापद बदलून देतात : त्यांना 'ठाव कुठे मिळत नाही' असे विचारावे. हे क्रियापद म्हणजे 'गाधति', आपल्या गाथेतील दुसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द. गाध म्हणजे जिथे पाय टेकतात असे पाणी, उतार. मराठीत 'गाध' राहिला नाही, पण 'अगाध' रोजच्या बोलण्यात आहे. तेव्हा या क्रियापदाचे भाषांतर 'नसतात' किंवा 'नाहीशी होतात' असे करणे म्हणजे भगवंतांनी दुरुस्त केलेला प्रश्न पुन्हा बिघडवणे होय. वसईच्या खाडीत होडी लावणारा कोणीही माणूस 'ठाव लागत नाही' आणि 'नाही' यांतला फरक सांगू शकेल.

आता यमकाचा विचार करू. मराठी वाचकाला कविता म्हटली की अंत्ययमक अपेक्षित असते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, अभंगातही यमक असते. पालि गाथेत अंत्ययमक हा नियम नाही. (धम्मपदाच्या पहिल्या वग्गाला यमकवग्ग म्हणतात, त्याचा या यमकाशी संबंध नाही. तिथे यमक म्हणजे जोडी, जुळ्या गाथा.) तरीही बाहियाच्या गाथेतील ओळींचे शेवट ऐकले तर पाचांपैकी चार ओळी 'अति' या ध्वनीवर थांबतात : 'गाधति', 'पकासति', 'विज्जति' आणि अगदी शेवटी 'पमुच्चति'. हे यमक कवीने जुळवलेले नाही, व्याकरणाने दिलेले आहे. तृतीय पुरुषी वर्तमानकाळी क्रियापद शेवटी आले की तो ध्वनी येणारच. पण या चारांमध्ये एक ओळ वेगळी पडते, चौथी. ती क्रियापदावर न संपता 'ब्राह्मणो' या नामावर संपते. तोवर गाथेत फक्त भूते आणि ग्रहगोल होते, माणूस नव्हता. ज्या ओळीत माणूस प्रथम येतो, त्याच ओळीत कानाला सवयीचा झालेला शेवट तुटतो. अनुवादकाने हे जपले पाहिजे.

नकारांची मांडणीही पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या चरणापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक चरणात एक याप्रमाणे पाच नकार येतात आणि नंतरच्या चार चरणांत एकही नाही. 'तत्थ' तीन वेळा येतो. तिसऱ्या आणि पाचव्या चरणांत नकार आरंभीच येतो आणि त्याला लागून 'तत्थ'. सहाव्या चरणात क्रम फिरतो. 'तमो' पुढे येतो आणि 'न' मागे जातो. गाथेचा कणा इथे आहे. तारे नाहीत, सूर्य नाही, चंद्र नाही, एवढे ऐकल्यावर श्रोत्याच्या मनात काळोख तयार झालेला असतो. 'तमो' शब्द प्रथम उच्चारून गाथा तो क्षणभर मान्य केल्यासारखे करते, आणि मग 'न विज्जति' म्हणून तोही काढून घेते.

मराठीत हे आणणे अवघड आहे. आपला 'नाही' वाक्याच्या शेवटी बसतो. चार वाक्ये लागोपाठ 'नाही'वर संपली की ऐकणाऱ्याच्या कानात अभाव राहतो. पालित नकार आधी होऊन जातो आणि कानात राहते ते चमकणे, प्रकाशणे, भासणे. पद्यात 'न' क्रियापदाआधी घेण्याची मुभा मराठीला आहे, ती येथे घ्यावी.

अभंगाचा मोह मात्र टाळावा. लहान अभंगाचे चरण आठ-आठ अक्षरांचे, पालि चरणही आठ अक्षरांचा, तेव्हा साचा आयता मिळाला असे वाटते. माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे सारखेपण वरवरचे असल्याचे लगेच कळेल. अभंगात अक्षरे मोजतात, लघु-गुरू पाहत नाहीत. वत्तात दोन्ही पाहावे लागते. खरी अडचण यमकाची आहे. अभंगाला यमक हवे आणि यमकासाठी शब्द शोधताना मराठी आपल्याला भक्तिपरंपरेच्या कोठारात घेऊन जाते. 'तम'शी 'परम' जुळतो, 'अंधार'शी 'निराकार', 'प्रकाश'शी 'अविनाश'. मूळ गाथेत परम नाही, निराकार नाही, अविनाशही नाही. यमक जुळते आणि तत्त्वज्ञान बदलते, आणि ते बदलल्याचे गाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून या गाथेच्या बाबतीत यमकाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

हा धोका काल्पनिक नाही, कारण याच धर्तीच्या दोन प्रसिद्ध रचना शेजारी आहेत. कठोपनिषदात, आणि मुंडक व श्वेताश्वतर उपनिषदांतही, एक मंत्र येतो. त्यात सूर्य, चंद्र-तारे, वीज आणि अग्नी हे सर्व तिथे प्रकाशत नाहीत असे म्हणून पुढे सांगितले जाते की त्या एकाच्याच प्रकाशाने हे सगळे प्रकाशते. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातील एक श्लोक, जो आपल्या गाथेप्रमाणेच अनुष्टुभात आहे, सूर्य, चंद्र आणि अग्नी यांना नाकारून अखेरीस 'ते माझे परम धाम' असे ठिकाण सांगतो. शब्द इतके जवळचे आहेत की तिन्ही ठिकाणी एकच सांगितले आहे, असे मानणारे विद्वान भेटतात. रचना पाहिली तर तसे म्हणता येत नाही. उपनिषदातील मंत्र लहान प्रकाश काढून मोठा प्रकाश देतो. गीता साधी वस्ती काढून श्रेष्ठ वस्ती देते. उदानातील गाथा प्रकाशानंतर काळोखही काढून घेते आणि त्या जागी काहीच ठेवत नाही.

त्यानंतर गाथा काय करते? ती 'यत्थ–तत्थ' ही जोडी सोडून 'यदा–अथ' ही जोडी घेते. 'कुठे' म्हणून सुरू झालेले वाक्य 'केव्हा' म्हणून पूर्ण होते. स्थळाचा शोध चालू असता उत्तर काळाच्या, म्हणजे अनुभवाच्या भाषेत येते : जेव्हा जाणले, तेव्हा सुटला. वाक्यरचनाही तेथे बदलते. पूर्वार्धात तिसऱ्या ते सहाव्या चरणांपर्यंत प्रत्येक चरण हे एक पूर्ण वाक्य आहे. उत्तरार्धात सातव्या चरणाच्या शेवटी भूतकाळी 'अवेदि' येते, मग दोन चरण क्रियापदाविना जातात, आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाट पाहावी लागते. मध्ये 'रूपा', 'अरूपा', 'दुक्खा' या पंचम्यांचा आकारान्त ध्वनी एका मागोमाग एक ऐकू येतो. गाथेत जाणीवपूर्वक केलेला अनुप्रास असेल तर तो हाच, आणि 'मुनि–मोनेन' हा.

'तत्थ' म्हणजे स्थान नव्हे, याला गद्यातूनही आधार मिळतो, आणि मला तो निर्णायक वाटतो. बाहियाला रस्त्यात केलेला उपदेश असा की पाहिले त्यात केवळ पाहिलेले असावे, ऐकले त्यात केवळ ऐकलेले, तसेच अनुभवलेल्या व जाणलेल्या विषयांत. मग 'तू तत्थ नसशील', आणि तत्थ नसलास की इथे, पलीकडे वा मधे कुठेच नसशील. हाच दुःखाचा अंत. म्हणजे 'तत्थ' हा शब्द नकारासह गद्य उपदेशात आधीच येऊन गेला आहे, तोही माणूस आणि विषय यांच्यातील गुंतणुकीच्या अर्थाने. उदानातील गाथा गद्यापेक्षा जुन्या असाव्यात, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. गाथेत ना बाहियाचे नाव आहे, ना सुप्पारकचे. मग संगीतिकारांनी ही गाथा या कथेशीच का जोडली? या सामाईक शब्दामुळे, असे मला वाटते. गद्य आणि गाथा एकमेकांवर भाष्य करतात, आणि ते वेगळे करून गाथा एकटी वाचली की तिथे परलोक दिसू लागतो.

सातवा आणि आठवा चरण आंबेडकरी वाचकाला विशेष खटकतात, कारण तिथे 'अत्तना' आहे आणि 'ब्राह्मणो' आहे. आत्मा आणि ब्राह्मण दोन्ही सापडले, असे म्हणणाऱ्याला व्याकरणाने उत्तर द्यावे. 'अत्तना' ही तृतीया असून अर्थ 'स्वतः, स्वतःच्या प्रयत्नाने' एवढाच आहे. मराठीत 'आपण होऊन' म्हणताना आपण आत्म्याचे अस्तित्व मान्य करीत नाही. (छंदासाठीही 'अत्तना' आणि 'अवेदि' यांचा संधी हवा, तोडून म्हटले तर नऊ अक्षरे होतात.) 'ब्राह्मणो' विषयी काही अनुवादक बिचकतात आणि तो शब्द गाळून 'अर्हत' लिहितात. हेतू चांगला आहे, पण गाथेची धार त्यामुळे जाते. त्याच्या लगत आधी 'मोनेन' ही तृतीया आहे. ब्राह्मण कशाने? तर मौनाने, म्हणजे मुनित्वाने. वसलसुत्तात जन्माला नाकारून कर्माला जे स्थान दिले आहे, तेच येथे एका विभक्तीने दिले आहे. बोधिवग्गातील अनेक गाथांत हा शब्द असाच उलटवून वापरला आहे, आणि धम्मपदाचा शेवटचा वग्ग तर संपूर्ण याच कामासाठी आहे. शब्द काढून टाकला तर तो कोणाच्या हातून हिसकावून घेतला हे वाचकाला कळणारच नाही. शब्द ठेवावा आणि 'मौनाने' हे त्याच्या अगदी लगत ठेवावे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निब्बाणाचा अर्थ लावताना आत्म्याच्या मोक्षाला बाजूला सारले. विकारांवर ताबा मिळवून याच जीवनात, जिवंतपणी मिळणारे सुख, असा तो अर्थ आहे. परंपरावादी पंडितांना तो फार आधुनिक वाटला. बाहियाच्या गाथेचा 'यत्थ'कडून 'यदा'कडे होणारा प्रवास ध्यानात घेतला, तर तो अर्थ गाथेबाहेरचा वाटत नाही. बाबासाहेबांनी पालिच्या व्याकरणावर आणि कोशावर केलेले काम १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. ज्यांना विभक्त्यांचा हा मुद्दा तपासावयाचा असेल, त्यांनी त्या खंडापासून आरंभ करण्यास हरकत नाही.

सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरले आणि आतला स्तूप व करंडक प्रकाशात आणले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली भुईगावला. त्या शिलाखंडांचे ठसे आणि वाचने अनेकांनी केली. बाहियाची गाथा शिळेवर नाही, कंठात आहे. त्यामुळे ती कशी म्हटली जाते याला महत्त्व आहे. अनेक विहारांत प्रत्येक चरणाचे शेवटचे अक्षर लांबवून म्हणण्याची सवय आहे. या छंदात शेवटचे अक्षर कसेही चालते, म्हणून त्याने बिघडत नाही. बिघडते ते तिसऱ्या चरणात 'सुक्का'नंतर न थांबल्याने, आणि आठव्यात 'न'वर जोर दिल्याने. काही पुस्तिकांत दहा चरण चार आणि सहा असे विभागून छापतात, कारण चार चरणांची गाथा असा समज रूढ आहे. तसे केल्याने चंद्र आणि अंधार यांची ओळ मुनीच्या बाजूला जाते. पाच ओळी छापाव्यात आणि तिसऱ्या ओळीनंतर, 'विज्जति'च्या पुढे, एक ओळ मोकळी सोडावी.